कुठला हात?

आमच्या दवाखान्यातल्या कुठल्याही डॉक्टरनं केसपेपरवर नुसतं 'हात थरथरतात' एवढंच लिहिलं, की ती फाइल दोन दिवसांत त्याच्याकडे परत जायची. आत एक पिवळी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर जांभळ्या शाईत शिक्का: 'कुठला हात?' खाली सही नाही, नाव नाही. त्याची गरजही नव्हती. या दोन शब्दांचा रबरी शिक्का करून घेणारा माणूस अख्ख्या मिरजेत एकच असणार, आणि तो रेकॉर्ड रूममध्ये माझ्या समोरच्या टेबलाशी बसायचा. तो शिक्का आता माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

त्यांना सगळे मेजर म्हणायचे. ते मेजर नव्हते. सैन्यात वैद्यकीय विभागात हवालदार क्लार्क होते. पण आपल्याकडे फौजेतून परत आलेल्या माणसाला लोक परस्पर मेजर करून टाकतात, त्याला वरून हुकूम यावा लागत नाही. मूळचे रहिमतपूरचे. पेन्शन घेऊन मिरजेला आले आणि तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत एका तंबोरे बनवणाऱ्याच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहिले. लग्न केलं नव्हतं. गावी भावकी होती, पण ती यात्रेपुरती. सकाळी नऊला हजर, संध्याकाळी सहाला बाहेर. आठ वर्षांत त्यांच्याकडे कुणी भेटायला आलेलं मी पाहिलं नाही.

आमचं काम लोकांना पटकन कळत नाही. माझ्या आईला अजून कळलेलं नाही. ती सांगलीत शेजारणींना सांगते, आमची मुलगी दवाखान्यात कॉम्प्युटरवर असते. खरं काम असं, की पेशंटची फाइल आमच्याकडे येते, डॉक्टरनं काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला आकडा द्यायचा. मधुमेहाला आकडा, मोडलेल्या हाडाला आकडा. नियम एकच. डॉक्टरनं लिहिलंय तेवढंच खरं. तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय, वॉर्डभर माहीत आहे, पेशंट स्वतः ओरडून सांगतोय, तरी कागदावर नसेल तर ते नाही. डॉक्टरला विचारता येतं, त्याच्या वतीनं ठरवता येत नाही. मला हा नियम फार आवडायचा. त्यात आपल्यावर काहीच येत नाही.

थरथरीचे आकडे बरेच आहेत. बसल्या जागी हलणाऱ्या हाताचा वेगळा, औषधामुळे हलणाऱ्याचा वेगळा, कप उचलताना हलणारा आणि बऱ्याचदा आईबापाकडून आलेला असतो त्याचा वेगळा. आणि यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर एक सरसकट आकडा आहे, आर पंचवीस पॉइंट एक. म्हणजे थरथर आहे, कसली ते ठाऊक नाही. बाकीचे लोक तो आकडा खुशाल देतात आणि जेवायला जातात. मी नवीन होते, मीही दिला. मेजरांनी माझ्या स्क्रीनवर डोकावून पाहिलं.

"ह्यो काय आकडा दिलायस?"

"सर, डॉक्टरांनी नुसतं ट्रेमर लिहिलंय."

"मग इचार की."

"त्यात काय विचारायचं?"

"कुठला हात, ते इचार. उजवा का डावा का दोन्ही. मांडीवर ठेवल्यावर हलतुय का घास उचलताना. मान हलती का, आवाज हलतुय का. कवापास्नं. घरात आणि कुणाचा हलत हुता का. आगं पोरी, माणूस आख्खा जलम त्यो हात घिऊन बसतुय, आन तू त्येला 'ठावं न्हाई' म्हणून आकडा देतीस व्हय?"

एवढं सगळं बोलताना त्यांचे स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधलेले होते. पुढे आणले तेव्हा ते हलत होते. मला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं.

दवाखान्यात ते सगळ्यांनाच दिसत होतं आणि त्यावर बोलायचं नाही हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. मेजर विक्षिप्त आहेत, असं म्हटलं की काम भागायचं. सही करायची वेळ आली की ते नावाचा शिक्का मारायचे. शिक्के त्यांच्याकडे नऊ होते, टेबलावर उंचीप्रमाणे रांगेत उभे. कीबोर्डवर एका बोटानं टाइप करायचे आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवायचे. डबा खायला रॅकच्या मागं, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांत जाऊन बसायचे. चहा अर्धा कपच घ्यायचे. चहावाल्यानं चुकून भरून दिला तर तो कप तसाच निवत पडायचा, आणि मी कशासाठी तरी बाहेर जाऊन आले की रिकामा झालेला असायचा. पुढे पुढे मी चहा आला की मुद्दाम उठून जायला लागले. मला वाटायचं, मी किती समजूतदार आहे.

लग्नांना ते यायचे नाहीत. माझ्याही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक पाकीट ठेवलेलं होतं आणि त्यावर 'शुभेच्छा' असा नवा शिक्का होता. ऑफिसात आम्ही त्यावर पोट धरधरून हसलो. मीही हसले, हे लिहिलंच पाहिजे.

डॉक्टर लोक त्यांना टरकून असायचे. आमचे एक मोठे सर्जन, ज्यांना पाहून सिस्टर भिंतीला चिकटतात, तेही कॉरिडॉरमध्ये मेजर दिसले की जिन्यानं जायचे. कारण मेजर सोडत नसत. फाइल छातीशी धरून ओपीडीच्या दाराशी उभे राहायचे. "सायेब, दोन मिंटं. कुठला हात?" डॉक्टर म्हणायचे, "अहो मेजर, आता आठवत नाही, पेशंट घरी गेला." मग मेजर म्हणायचे, "पेशंट गेला, हात हाय की त्येचा."

एकदा तर कमाल झाली. तासगावच्या पलीकडच्या एका गावातली बाई रक्त कमी म्हणून दाखल झाली होती. फाइलमध्ये एका कोपऱ्यात थरथरीचा उल्लेख. डॉक्टरला आठवेना. गुरुवारी मेजरांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "येतीस का? बायमाणूस संगं असंल तर घरातलं भिणार न्हाईत." असं कुणी पेशंटच्या घरी जात नाही. पण मला उत्सुकता होती, मी पण रजा टाकली. एसटीत उभं राहून गेलो. मेजर दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

ती बाई बेदाण्याच्या शेडमध्ये होती. वर जाळ्यांवर थरावर थर द्राक्षं वाळत घातलेली, खाली चार बायका सुपातला बेदाणा निवडत बसलेल्या. दवाखान्यातले लोक म्हटल्यावर ती घाबरून उठली.

"आवं, हितवर कशापायी आलासा? माजं काय चुकलं का?"

"तुमचं न्हाई मावशी, आमचं चुकलं," मेजर म्हणाले. "आमी तुमाला एक इचारायचं इसरलो. तुमचा हात हलतुय, त्यो कुठला?"

बाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दोनी. पातेलं उचललं की लय. निस्ती बसली की न्हाई. पर असं आजवर कुणी इचारलं न्हाई बगा. सुना म्हणत्यात, आत्याबाईंनी भ्या घेतलंय."

मेजर उकिडवे बसून होते, ते मातीतच खाली बसले. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. फक्त म्हणाले, "पुढल्या खेपंला दवाखान्यात येशीला तवा डाक्टरास्नी हे असंच सांगा. ह्याला नाव हाय. त्ये भ्या न्हाई. भ्या वायलं, ह्ये वायलं."

सुनेनं चहा आणला. मेजर म्हणाले, चहा सोडलाय. बाईनं त्यांच्या काखेत दडवलेल्या हाताकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि एका खोल तांब्यात थोडासा चहा घालून घेऊन आली. तो त्यांच्याजवळ ठेवला आणि आम्हा सगळ्यांना वाळत घातलेली द्राक्षं दाखवायला शेडच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. आम्ही परत आलो तेव्हा तांब्या रिकामा होता. ती बाई पुढच्या महिन्यात आली, डॉक्टरनं तपासलं, नीट लिहिलं, आणि मेजरांनी आकडा बदलला. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे दिले. पेढे कशाचे, ते माझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही.

त्या शेडवरून परतीच्या वाटेवर नाही, पण त्यानंतर दोनेक दिवसांनी त्यांनी ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जुना, घडीवर फाटत आलेला. त्यांच्या वडिलांचा, फौजेतून घरी पाठवल्याचा कागद. इंग्रजीत टाइप केलेल्या दोन ओळी होत्या. हात थरथरतात. स्वभाव घाबरट. सेवेस अपात्र.

"कुठला हात, लिवलंय का बघ."

"नाही."

"न्हाईच. इचारलंच न्हाई कुणी. दोन वळी टाइप क्येल्या आन माणूस घरी. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजंत. त्यात ह्यो एकटा भिऊन परत आल्याला. मरंपतोर लोकास्नी वाटलं, भ्याला म्हणून हाकलला. पंगतीला बसायचा न्हाई, पारावर बसायचा न्हाई. गोठ्यात बसायचा." मग म्हणाले, "भित्रा नव्हता गं. हिरीत पडल्यालं वासरू एकट्यानं उतरून काडलं हुतं त्येनं."

तेव्हा माझ्या जिभेवर होतं, की मेजर, आणि तुमचा? तुम्ही कधी दाखवलंत का? मी नाही विचारलं. ते कागद परत पाकिटात सरकवत होते आणि तो काही केल्या आत जात नव्हता. मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात आणखी एक गोष्ट बोलली जायची, ती मात्र हळू आवाजात नाही. मेजर घेतात. फौजी माणूस, एकटा राहतो, हात हलतात, मग दुसरं काय असणार? मी आठ वर्षं सकाळी नऊपासून त्यांच्या समोर बसत होते. त्यांना कधी कसला वास नव्हता. त्यांनी पानसुद्धा खाल्लं नाही. पण मी त्या बोलण्याला कधी अडवलं नाही. मी त्यात पडले नाही, एवढंच.

मग गेल्या वर्षी ते माडीच्या जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. घरमालकानं रिक्षात घालून आमच्याच दवाखान्यात आणलं आणि ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दाखल असलेल्या पेशंटच्या फायली तात्पुरत्या आकड्यासाठी येतात, त्यात त्यांची आली. समोरचं टेबल रिकामं होतं, शिक्के रांगेत उभे होते. मी फाइल उघडली. खुब्याचं सगळं नीट होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'जुनं दारूचं व्यसन. दारू अचानक बंद झाल्यानं दोन्ही हातांना थरथर.' त्याखाली गुंगीच्या इंजेक्शनांची यादी. माहिती देणारा: घरमालक.

माझ्या हातून त्या व्यसनाचा आकडा पडला असता. नियम तोच सांगत होता, डॉक्टरनं लिहिलंय. मी एक आकडा टाइपसुद्धा केला. मग उठले, त्यांचा ड्रॉवर उघडला, प्लास्टिकचं पाकीट घेतलं आणि वर वॉर्डात गेले.

मेजर गुंगीत होते. तोंड उघडं, दाढी वाढलेली. हात चादरीवर पडले होते आणि अजिबात हलत नव्हते. आठ वर्षांत मी ते हात असे उघड्यावर आणि स्थिर पहिल्यांदा पाहिले. बाहेर बाकावर घरमालक बसले होते, कपड्यांवर तंबोऱ्याच्या भोपळ्याचा भुसा तसाच.

"आवं ताई, डाक्टर म्हणलं, पितात का? मी म्हणलं, मला काय ठावं न्हाई. पर हात तर कायम हलत्यात, आन मिलिट्रीतलं माणूस, घेत असतील, असं म्हणलं. मी त्यांच्या वायटावर न्हाई ओ. दुसरं कोन हुतंच न्हाई सांगायला."

वॉर्डातला डॉक्टर तरुण होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, आता कोडिंगवाल्यांनी हिस्ट्री सांगायची का?"

"नाही सांगायची. मी कोडिंगवाली म्हणून आले नाही."

"मग कोण म्हणून आलात?"

 मी सरळ सांगायला लागले. दोन्ही हात हलतात. उजवा जास्त. काही उचलताना, लिहिताना हलतात, ठेवलेले असताना नाही. सकाळी नऊला जेवढे हलतात तेवढेच संध्याकाळी सहाला. साहेब बोलायला आले की वाढतात. दोन वर्षांपासून मानही थोडी हलते. दारू नाही, तंबाखू नाही. वडिलांचे हलायचे, हा कागद. मी बोलत राहिले आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मला सगळं पाठ होतं. यातली एकही गोष्ट मला आज नव्यानं कळलेली नव्हती.

डॉक्टर वाईट नव्हता. त्यानं नाडीचा, तापाचा तक्ता पाहिला, घाम नाही म्हणाला, ते चादरीवरचे हात उचलून पाहिले, मोठ्या डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शनं थांबवली. मग फाइल ओढली आणि व्यसनाच्या ओळीवर एक रेघ मारून शेजारी सही आणि वेळ टाकली. फाइलमध्ये खोडायचं ते असंच, एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. हे मेजरांनीच दर वर्षी नव्या डॉक्टरांना शिकवलेलं. पुढे त्यानं नवीन लिहिलं, आणि 'माहिती देणारा' या रकान्यात माझं नाव घातलं.

"नातं काय लिहू?"

"सहकारी लिहा," मी म्हटलं. "समोर बसते, आठ वर्षं." त्यानं तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मेजर शुद्धीवर होते. मी जेवणाच्या सुट्टीत गेले तर त्यांनी पहिलं काय मागितलं, तर फाइल. पेशंटला फाइल द्यायची नसते, पण त्या दवाखान्यात मेजरांना नाही म्हणणारं कोण होतं? मी त्यांना चष्मा लावून दिला. ते एकेक पान वाचत गेले आणि त्या ओळीवर थांबले.

"एकच रेघ मारलीया," म्हणाले. "बरुबर हाय. खालचं वाचता येतंय."

मी म्हटलं, "सॉरी, मेजर."

"ऱ्हाऊ दे. बापाचं तर कुणी खोडलं बी न्हाई."

मग त्यांनी नवीन लिहिलेलं वाचलं. दोन्ही हात, उजवा जास्त. अर्धा कप चहा. मनगट धरून टाइप करतात. मान. डॉक्टरनं माझं जवळजवळ सगळं बोलणं उतरवलं होतं. मेजर ते खूप वेळ वाचत होते. शेवटी रकान्यातल्या माझ्या नावावर बोट ठेवलं. बोट हलत होतं.

"आठ वर्सं."

"हो."

"समदं बघितलंस."

"हो."

"मग इचारलं का न्हाईस गं?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही, असं काहीतरी मी म्हणणार होते. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. या माणसानं परक्या बाईचा हात कुठला हे विचारायला तासगावच्या पुढं एसटीनं उभ्यानं प्रवास केला होता. माझं टेबल त्यांच्यापासून चार फुटांवर होतं.

मी स्टूल पुढं ओढलं आणि विचारलं, "कुठला हात, मेजर?"

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग दोन्ही हात चादरीखालून काढले आणि माझ्यासमोर, हवेत, तसेच धरले.

"दोनी. उजवा जास्ती."

"कधीपासून?"

"चाळिशीपास्नं. मेडिकल बोर्डाला दिसंल, लिवतील, म्हणून दोन वर्सं आधी पेन्शन घेतली."

"घरात आणखी कुणाचा?"

"बापाचा. त्येचाबी उजवा जास्ती हुता. ते मी कुटं सांगितलं न्हाई आजवर."

आमच्या यादीतले प्रश्न संपले. पुढचा प्रश्न यादीत नव्हता, तरी मी विचारला. "मेजर, हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"आता तुला," ते म्हणाले.